पायाखालची ऊब : भूऔष्णिक ऊर्जा आणि शासकीय प्रयोगशाळांचे कार्य



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत वक्त्याने एखादा विषय मुळापासून समजावून सांगावा, हेच औचित्याला धरून होईल असे मला वाटते. म्हणून आज मी एकच प्रश्न घेऊन आपल्यापुढे उभा आहे.

आपल्यापैकी अनेकांचा चरितार्थ पीथमपूरच्या कारखानदारीवर चालतो. ऐंशीच्या दशकात धार जिल्ह्यातील या माळरानावर औद्योगिक वसाहत उभी राहिली. पुण्याच्या बजाज टेम्पो आणि कायनेटिक होंडा यांसारख्या उद्योगांनी येथे कारखाने काढले आणि त्यांच्याबरोबर मराठी कुटुंबांची एक नवी पिढी माळव्यात आली. पवारांच्या काळापासून धार-देवासला नांदणाऱ्या जुन्या मराठी घरांना हे नवे शेजारी लाभले. या कारखान्यांत वाहनांचे सुटे भाग धुण्यासाठी, रंग वाळवण्यासाठी, औषधे तयार करण्यासाठी अहोरात्र उष्णता लागते. ती मिळवण्यासाठी आपण कोळसा, तेल किंवा वायू जाळतो. आणि आपल्या पायाखाली, काही किलोमीटर खोलीवर, पृथ्वी स्वतःच तापलेली आहे. मग ही उष्णता आपण का वापरत नाही? ती येथे आहे की नाही, हे कोणी शोधायचे? हाच माझा आजचा विषय.

पृथ्वीची उष्णता कोठून येते?

पृथ्वीच्या पोटातील उष्णतेचे उगम दोन. पृथ्वी घडली त्या वेळी तिच्यात साठून राहिलेली उष्णता हा पहिला. खडकांमध्ये अत्यल्प प्रमाणात असलेली युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम ही किरणोत्सर्गी द्रव्ये सतत विघटन पावतात. त्यातून निघणारी उष्णता हा दुसरा. या दोहोंमुळे आपण जसजसे खोल जावे तसतसे तापमान वाढत जाते. सर्वसाधारण भूभागात ही वाढ दर किलोमीटरला सुमारे २५ ते ३० अंश सेल्सिअस असते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. पृष्ठभागातून बाहेर पडणारा उष्णतेचा हा प्रवाह अतिशय मंद आहे. भूखंडांवर तो दर चौरस मीटरला सरासरी ६५ मिलिवॉटच्या आसपास भरतो. म्हणजे एक चौरस किलोमीटर जमिनीतून जेमतेम ६५ किलोवॉट! भर दुपारचे ऊन एका चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॉट शक्ती ओतते; त्यापुढे हा प्रवाह नगण्यच. तेव्हा भूऔष्णिक ऊर्जा म्हणजे हा प्रवाह गोळा करणे नव्हे. लक्षावधी वर्षे खडकात साठलेली पुंजी जेथे उथळ खोलीवर हाती लागते, तेथून ती बाहेर काढणे म्हणजे भूऔष्णिक ऊर्जा.

ही पुंजी किती मोठी आहे, त्याचा हिशेब शाळेतील मुलेही करू शकतील. एक घन किलोमीटर ग्रॅनाइट केवळ १० अंशांनी थंड केला, तर त्यातून ६०० कोटी युनिटहून अधिक उष्णता मिळते. पुंजी अफाट आहे. ती वर आणणारा वाहक मात्र हवा. तो वाहक म्हणजे पाणी. म्हणून भूऔष्णिक क्षेत्राला तीन गोष्टी लागतात: उष्णता, पाणी, आणि पाण्याला खेळू देणाऱ्या भेगा. तिन्ही एकत्र असतील तेथे निसर्ग स्वतःच गरम पाण्याचा झरा काढून देतो.

काळी माती आणि एक गैरसमज

माळव्याची काळी माती लाव्ह्याच्या खडकापासून झाली, हे आपण सर्वांनी भूगोलात वाचले आहे. त्यावरून पुष्कळांचा असा समज होतो की आपल्या खाली अजून ज्वालामुखीची धग असली पाहिजे. तसे नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. खडक उष्णतेचा मंद वाहक असला तरी एक किलोमीटर जाडीचा थर निवायला काही दशसहस्र वर्षे पुरेशी होतात. साडेसहा कोटी वर्षांपुढे तो काळ क्षणासारखा आहे. लाव्ह्याची स्वतःची धग केव्हाच विरून गेली. आज जी उष्णता आहे ती त्याखालच्या प्राचीन खडकातून वर येणारी आहे.

ती किती, हे अनुमानाने ठरत नाही, मोजावे लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तेथे संशोधनासाठी ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. त्यात वरचा ३३८ मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर खाली जुना ग्रॅनाइटसदृश खडक लागला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथील उष्णताप्रवाह मोजला, तो निघाला दर चौरस मीटरला सुमारे ४३ मिलिवॉट, म्हणजे भूखंडांच्या सरासरीपेक्षा बराच कमी. अशा खडकात तापमान किलोमीटरमागे सुमारे १५ अंशांनीच वाढते. या गतीने १५० अंशांपर्यंत पोहोचायचे तर आठ किलोमीटर खोल जावे लागेल. तेवढे खोदण्याचा खर्च त्या उष्णतेतून भरून निघणार नाही.

हा आकडा निराशाजनक वाटेल. पण प्रयोगशाळेने दिलेला प्रामाणिक ‘नाही’ हाही समाजाच्या उपयोगाचाच असतो. तो नसता, तर कोणीतरी पुढे केव्हातरी कोट्यवधी रुपये जमिनीत पुरले असते.

झरे काय सांगतात?

दख्खनचे पठार असे थंड, तरी त्याच्या कडांवर मात्र गरम पाण्याचे झरे आहेत. कोकणात उत्तरेस कोकनेरेपासून दक्षिणेस राजापूरपर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात ते विखुरले आहेत. वज्रेश्वरी-अकलोली, गणेशपुरी, सातिवली, तुरळ, उन्हवरे ही त्यांतील ओळखीची नावे. त्यांचे तापमान ३४ पासून ७१ अंशांपर्यंत आढळते. ‘उन्हाळे’ हा शब्द आपण ऋतूसाठी वापरतो. राजापूरजवळ मात्र तो गरम झऱ्याच्या गावाचे नाव आहे. आपल्या पूर्वजांनी शोध घेऊन ठेवला होता, तो भाषेने असा जतन केला.

दुसरा पट्टा आपल्या अधिक जवळचा. नर्मदा, शोण आणि तापी यांच्या खोऱ्यांतून भूकवचातील एक प्राचीन दुभंगरेषा जाते. पीथमपूरच्या दक्षिणेस विंध्याचा कडा उतरला की नर्मदेचे खोरे लागते, ते याच पट्ट्यातले. याच्या आश्रयाने जळगाव जिल्ह्यातील उनपदेव, अमरावती आणि बैतूलच्या सीमेवरील सालबर्डी, सातपुड्यातील अनहोनी आणि पूर्वेस छत्तीसगडमधील तातापानी येथे उष्ण झरे निघाले आहेत. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, तेथील खडकाची उष्णता घेते आणि दुसऱ्या भेगेने त्वरेने वर येते. येथे ज्वालामुखी नाही. आहे तो केवळ खोल जाऊन परतणाऱ्या पाण्याचा प्रवास. म्हणून माळव्याच्या माणसाने उष्णतेचा शोध घ्यायचा तर पठाराच्या मध्यापेक्षा दक्षिणेकडील भेगांकडे पाहिले पाहिजे.

आपल्या प्रयोगशाळांचे कार्य

भारत सरकारने १९६६ मध्ये उष्ण झऱ्यांचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभरच्या झऱ्यांची पाहणी केली आणि १९९१ मध्ये भूऔष्णिक क्षेत्रांचा नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. या खात्याच्या २०२२ च्या प्रकाशनात ३८१ उष्ण झऱ्यांची नोंद असून देशाची भूऔष्णिक क्षमता सुमारे १०,६०० मेगॅवॉट अंदाजली आहे.

प्रत्यक्ष खोदकाम सुरू झाले ते लडाखमधील पुगा खोऱ्यात, १९७३ मध्ये. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटर उंचीवर पाणी ८४-८५ अंशांनाच उकळते आणि पुग्याचे झरे नेमक्या त्याच तापमानाला बाहेर पडतात. म्हणजे ते पाणी उकळतच वर येते. तेथे काही शे मीटरपर्यंत छिद्रे घेण्यात आली आणि त्यांत १४० अंशांपर्यंत तापमान मिळाले. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेने याच उष्णतेवर तेथील टाकणखार आणि गंधक शुद्ध करण्याचे प्रयोग केले.

हिमाचल प्रदेशातील मणिकरण येथे बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने ५ किलोवॉटचे एक छोटे वीजसंयंत्र बसवले. विमानांचा अभ्यास करणारी संस्था झऱ्याकडे कशी वळली, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. टर्बाइनचे ज्ञान तिच्यापाशी होते. मणिकरणचे पाणी वाफेच्या टर्बाइनला पुरेल इतके गरम नाही. म्हणून त्या पाण्याने दुसरा एक द्रव तापवायचा, जो सुमारे ४८ अंशांनाच उकळतो. त्याची वाफ टर्बाइन फिरवते, पुढे थंड होऊन पुन्हा द्रव बनते आणि परत तापायला येते. दोन द्रवांचे दोन स्वतंत्र फेरे असल्यामुळे याला द्विचक्री पद्धत म्हणता येईल. त्या वेळी वापरलेला द्रव ओझोनच्या थराला घातक ठरल्याने आज निषिद्ध आहे. पण त्याची जागा घेणारे इतर द्रव उपलब्ध आहेत. तेथेच दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने झऱ्याच्या उष्णतेवर चालणारे साडेसात टनांचे शीतगृह उभारून दाखवले. गरम पाण्याने फळे थंड ठेवायची, ही कल्पनाच विद्यार्थ्यांना विचार करायला लावणारी आहे.

तातापानी येथे सुमारे साडेतीनशे मीटर खोलीच्या पाच विहिरींतून १०० अंशांच्या जवळपासचे पाणी मिनिटाला १,८०० लिटर या वेगाने आपोआप वर आले. त्यावर ३०० किलोवॉटच्या संयंत्राची योजना आखली गेली.

आणि मग? येथे मला स्पष्टपणे बोलले पाहिजे. ५ किलोवॉटच्या संयंत्रातून मोठे संयंत्र उभे राहिले नाही. तातापानीची योजना कागदावर राहिली. पुग्यात १९७३ साली सुरू केलेल्या कामाला पुढची गती मिळायला २०२१ साल उजाडले, तेव्हा तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाच्या ऊर्जा केंद्राने एक मेगॅवॉटच्या प्रायोगिक संयंत्रासाठी लडाख प्रशासनाशी करार केला. मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांत एक संपूर्ण पिढी निवृत्त झाली. यंत्र गंजले तर नवे घेता येते. पण खोदकामाच्या जागी उभे राहून मिळवलेले ज्ञान पुढच्या हातात गेले नाही तर ते विकत घेता येत नाही. संशोधनाचे खरे नुकसान अपयशाने होत नाही, ते खंड पडल्याने होते.

इतर देशांत काय घडले?

इटलीतील लार्देरेल्लो येथे १९०४ मध्ये पिएरो जिनोरी कोन्ती यांनी जमिनीतून निघणाऱ्या वाफेवर पाच विजेचे दिवे लावले. १९१३ मध्ये तेथे २५० किलोवॉटचे संयंत्र सुरू झाले. न्यूझीलंडमधील वायराकेई येथे १९५८ मध्ये आणि कॅलिफोर्नियातील द गीझर्स येथे १९६० मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. या सर्व ठिकाणी वाफ किंवा गरम पाणी निसर्गानेच सिद्ध ठेवले होते.

पण जेथे खडक गरम आहे आणि पाणी नाही, तेथे काय? हा प्रश्न अमेरिकेतील लॉस अलामोस या राष्ट्रीय प्रयोगशाळेने सत्तरच्या दशकात हाती घेतला. न्यू मेक्सिकोतील फेंटन हिल येथे त्यांनी तप्त, कोरड्या ग्रॅनाइटमध्ये विहीर घेतली, दाबाखाली पाणी सोडून खडकात भेगा पाडल्या, आणि एका विहिरीतून सोडलेले पाणी तापून दुसरीतून वर काढले. दुसऱ्या टप्प्यात ते साडेतीन किलोमीटरहून खोल गेले. तेथे भेगा अपेक्षिलेल्या दिशेने गेल्याच नाहीत, दोन विहिरी एकमेकींना जोडल्या गेल्या नाहीत, आणि एक विहीर पुन्हा वेगळ्या दिशेने खोदावी लागली. या अडचणी त्यांनी लपवल्या नाहीत, प्रसिद्ध केल्या. खडकात आधी भेगा पाडून पाहाव्यात आणि मग त्या ज्या दिशेला गेल्या तिकडे दुसरी विहीर न्यावी, हा आजचा नियम त्या अनुभवातून आला.

सँडिया या दुसऱ्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने खोदण्याच्या हत्याराकडे लक्ष दिले. कृत्रिम हिऱ्याच्या चकत्या पोलादी टोकावर घट्ट बसवायच्या कशा, खडक कापताना त्या तापतात आणि झिजतात कशा, याचा अभ्यास तिने केला. हेतू होता कठीण, तप्त खडकात खोदणे सुकर करण्याचा. फायदा आधी झाला तो तेल-उद्योगाला. पुढे युटा राज्यातील शासकीय साहाय्याने चालणाऱ्या ‘फोर्ज’ या प्रयोगक्षेत्रात याच हिऱ्याच्या टोकांनी ग्रॅनाइट पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने कापला गेला. अर्धशतकाने का होईना, मूळ हेतू सफल झाला.

असे काम सरकारी प्रयोगशाळेनेच का करावे? कारण पहिली विहीर कोरडी निघण्याची शक्यता मोठी असते आणि तिच्यातून मिळणारे ज्ञान सर्वांच्या मालकीचे असते. खासगी व्यापारी नफ्याच्या आशेशिवाय असा धोका पत्करणार नाही, आणि त्याने तो पत्करावा अशी अपेक्षाही रास्त नाही.

धोके मात्र विसरता येत नाहीत. दक्षिण कोरियातील पोहांग येथे १५ नोव्हेंबर २०१७ रोजी भूकंप होऊन मोठी हानी झाली. जवळच्या भूऔष्णिक प्रकल्पात दाबाखाली सोडलेल्या पाण्याने तो घडला, असा निष्कर्ष तेथील शासकीय चौकशीने २०१९ मध्ये काढला. आपल्याकडे पाणी आणि भूकंप यांचे नाते कोयनेने शिकवले आहे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आपल्यातील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असेल. आज कराड येथे केंद्र सरकारची भूभौतिकीय संशोधन प्रयोगशाळा याच प्रश्नावर काम करते. तिने २०१६-१७ मध्ये कोयना भागात तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले. त्यात सव्वा किलोमीटर बेसाल्ट ओलांडल्यावर मूळ खडक लागला. ते छिद्र उष्णतेसाठी नव्हे, भूकंपासाठी आहे. तथापि दख्खनच्या खालच्या खडकाचे तापमान, दाब आणि भेगा यांविषयी जे ज्ञान तेथून मिळते ते उद्याच्या भूऔष्णिक संशोधनाचाही पाया आहे.

पीथमपूरसाठी याचा अर्थ

आता घरच्या प्रश्नाकडे येऊ. माझे उत्तर तीन भागांत आहे.

पहिला भाग असा की माळव्याच्या पठारावर भूऔष्णिक वीजकेंद्राची स्वप्ने कोणी दाखवू लागला तर त्याला प्रथम छिद्रातील तापमानाची नोंद विचारावी. नोंद असेल तर पुढे बोलावे.

दुसरा भाग असा की उष्णतेची वीज करणे हा तिचा एकमेव उपयोग नव्हे. ९० अंशांच्या पाण्यातून वीज करायला गेलो तर निसर्गनियमानेच उष्णतेचा पाचवा हिस्साही विजेत उतरत नाही, आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्मासुद्धा हाती लागत नाही. परंतु तेच पाणी सुटे भाग धुण्याच्या ५०-६० अंशांच्या टाकीला, धान्य किंवा फळे वाळवण्याला थेट दिले, तर बहुतेक सारी उष्णता कामी येते. हजार अंशांची ज्वाला पेटवून साठ अंशांचे पाणी करायचे, ही उधळपट्टीच आहे. नर्मदा-तापीच्या खोऱ्यातील कोमट झऱ्यांचा विचार या दृष्टीने व्हावा.

तिसरा भाग सर्वांत जवळचा. जमिनीत काही मीटर खोलीवर तापमान बाराही महिने जवळजवळ स्थिर असते, उन्हाळ्याच्या दुपारपेक्षा ते पुष्कळच कमी असते. याच धार जिल्ह्यात, मांडूच्या चंपा बावडीला लागून असलेली तळघरे आपण पाहिली आहेत. वैशाखातही तेथे गारवा टिकतो. विहिरीचे पाणी आणि सभोवतालची जमीन यांच्या आश्रयाने खोल्या थंड ठेवण्याची ती युक्ती आणि आजचा भूसंलग्न उष्णतापंप यांचे तत्त्व एकच. जमिनीत नळ्या पुरून, त्यांतून पाणी फिरवून, इमारतीतील उष्णता जमिनीला द्यायची. यासाठी आठ किलोमीटर खोदावे लागत नाही, शंभर मीटरची विंधन विहीर पुरते. पीथमपूरच्या कार्यालयांना, दवाखान्यांना आणि शाळांनाही हा मार्ग मोकळा आहे.

याखेरीज एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा जाळण्यासाठी पीथमपूरला आणला गेला, तेव्हा या गावाने रस्त्यावर येऊन विरोध केला. चाचण्या झाल्या, न्यायालयाची देखरेख राहिली, आणि जूनअखेर तो कचरा जाळून झाला. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. पण त्यातून एक गोष्ट उघड झाली: मोजमाप कितीही काटेकोर असले तरी ज्यांच्या अंगणात काम व्हायचे त्यांना ते आधी आणि त्यांच्या भाषेत समजले नाही, तर विश्वास निर्माण होत नाही. भूऔष्णिक पाण्यात बोरॉन, आर्सेनिक यांसारखी द्रव्ये असू शकतात. ते पाणी नदीत न सोडता परत जमिनीत सोडावे लागते. पुग्यात ऑगस्ट २०२२ मध्ये खोदकामातून बाहेर आलेला द्रव नाल्यात गेला, लोक अस्वस्थ झाले आणि काम थांबवावे लागले. म्हणजे हिमालयातील त्या निर्जन खोऱ्यातही हाच प्रश्न उभा राहिला.

समारोप

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण जाहीर केले. धोरण ही सुरुवात असते. ते तडीस जाण्यासाठी विहिरीच्या काठावर तापमापी सोडून तासन्‌तास नोंदी घेणारी माणसे लागतात. अशा कामात टाळ्या पडत नाहीत आणि पुष्कळदा उत्तर ‘येथे नाही’ असेच येते. तरीही ते करावे लागते, आणि एका पिढीने दुसरीच्या हाती द्यावे लागते.

शाळा हेच काम करते. म्हणून येथील विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. शाळेच्या जवळपासच्या विहिरींच्या पाण्याचे तापमान दर महिन्याला एकदा मोजा आणि एका वहीत तारखेसह लिहून ठेवा. विहीर किती खोल, पाणी किती खाली, हेही लिहा. वर्ष संपल्यावर ती वही पुढच्या वर्गाकडे सोपवा. पाच-दहा वर्षांची अशी नोंद तयार झाली तर जमिनीवर हवा कशी बदलते आणि जमिनीखाली ती किती कमी बदलते, हे तुम्हाला पुस्तकाशिवाय कळेल. उद्या एखाद्या प्रयोगशाळेचा शास्त्रज्ञ या भागात मोजमाप करायला आला, तर त्याला हाती घेण्यासारखे काहीतरी येथे आधीपासून असेल, आणि त्याला प्रश्न विचारता येतील अशी माणसेही असतील.